ब्रमिला बेडणेकर यांची मिळकत

अजमानच्या जमीन खात्यात टोकन एकशे बारा.
काचेपलीकडचा मुलगा माझं नाव टाइप करतो.
अरबीत प नाही.
म्हणून सव्वाबाराच्या सुमारास मी
प्रमिला पेडणेकरची ब्रमिला बेडणेकर झाले
आणि हसू आवरेना.
नऊ वर्षं बेडस्पेसमध्ये काढलेल्या बाईला
याहून चपखल आडनाव कुठल्या भटजीला सुचलं असतं?

शारजात, रोलाच्या मागे, एका हॉलचे चार तुकडे.
मधे प्लायवूड.
पलीकडे शेर्लीनं कूस बदलली
की माझ्या उशीला कळायचं.
चौरस फूट मला तिथे समजले.
अठ्ठेचाळीस म्हणजे एक पलंग, एक सुटकेस
आणि देवाला गुडघे दुमडूनच नमस्कार.
घरमालक कधी दिसला नाही.
महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी यायचं, त्याच्या नावानं.

दिवसभर मी क्लिनिकमध्ये लोकांच्या हाडांचे फोटो काढते.
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
पहिला फ्लॅट बघायला गेले तेव्हा
एजंट हिशाम म्हणाला, मॅडम, सी व्ह्यू.
बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन, मान वाकडी करून,
दोन टॉवरच्या मधे दिसला खरा:
निळं, बोटभर, हेअरलाइन फ्रॅक्चर.

किंमत एक लाख तीस हजार.
भाडं तेरा. म्हणजे दहा टक्के, मॅडम, दहा!
एवढं चकचकीत हाड मी कधी पाहिलेलं नाही.
घरी येऊन औषधाच्या पावतीमागे मांडलं:
सर्व्हिस चार्ज वजा,
एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंतचा रिकामा महिना वजा,
एसी कधीतरी ऑगस्टातच मरणार, ते वजा.
दहाचे सहा उरले.
पावती उलटसुलट केली, दिव्यापुढे धरली.
सहाच.
बरं, सहा तर सहा.
निदान मोडलेले नव्हते.

भावाचा फोन: वाळूत पैसे घातलेस म्हणे?
अकरा वर्षांपूर्वी कुडाळच्या कचेरीत
हक्कसोडपत्रावर सही कुठे करायची
ते त्यानंच बोटानं दाखवलं होतं.
पेनही त्याचं.
चोवीस हापूस कलमं आणि विहिरीचा अर्धा हिस्सा,
त्या बदल्यात मोरपंखी साडी, फॉल न लावलेली.
ती अजून तशीच आहे.

म्हणून आज मी स्वतःचं पेन नेलं होतं.
नवं. टोपणाला सोनेरी पट्टी.
मुलगा म्हणाला, मॅडम, पेन नको,
इथे स्क्रीनवर, बोटानं.
बोटानं केलेली सही माझ्यासारखी दिसत नाही.
पण खाली कागद आला, वर लिहिलेलं मुल्किया.
आमच्या मिळकतीचीच थोरली बहीण दिसतेय,
माहेरी राहिलेली.

पहिली भाडेकरू बिनिता, नेपाळची,
नखं रंगवते सलोनमध्ये. सोबत दोन मैत्रिणी.
चार चेक तिनं देवाच्या प्रसादासारखे दोन्ही हातांनी दिले.
मग दाराशी थबकून:
मॅडम, एक छोटं पार्टिशन लावलं तर?
चौथी मुलगी आली की आम्हाला भाडं हलकं होईल.

नाही, मी म्हटलं. कायद्यात बसत नाही.
खरंच बसत नाही.
तरी आवाज ओळखीचा वाटला:
एक तारखेला, कुणाच्यातरी नावानं यायचा, तो.

मग पडदा?

रात्री करार वरपासून खालपर्यंत वाचला.
खिळ्यांबद्दल होतं, मांजरांबद्दल होतं,
पडद्याचं कुठेच नाव नव्हतं.
रविवारी मीच रॉड घेऊन गेले.
बिनिता टेप शोधायला लागली.
राहू दे, म्हटलं.
मापं मला पाठ होती.